खेड्यास डॉक्टर कोणता? भोर समितीतील एका वादाची हकीकत

राष्ट्राच्या आरोग्याचा विषय चर्चेस निघाला म्हणजे आमच्या सुशिक्षित समाजात दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. सरकार आरोग्यावर पुरेसा पैसा खर्चीत नाही, ही एक. आणि शिकलेले डॉक्टर खेड्यात जावयास तयार नसतात, ही दुसरी. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. परंतु त्या जणू कालपरवाच उत्पन्न झाल्या अशा समजुतीने आपण बोलत असतो, ती समजूत मात्र चुकीची आहे. खेड्यातील रोग्यास कोणत्या प्रतीचा डॉक्टर मिळावा, त्याने किती शिकलेले असावे आणि तो तेथे टिकावा कसा, ह्या प्रश्नांचा खल १९४३ ते १९४६ ह्या काळात एका सरकारी समितीत मोठ्या गांभीर्याने झालेला आहे. त्या समितीत एका मुद्द्यावर दोन पक्ष पडले आणि रिवाजाप्रमाणे बहुमताचा पक्ष जिंकला. पण जिंकलेल्या पक्षाने जे मागितले होते त्यातील स्वस्त तेवढे देशाने उचलले आणि महाग ते ठेवून दिले. आजच्या तक्रारींचे मूळ पुष्कळ अंशी ह्या अर्ध्या स्वीकारात आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून त्या वादाची हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

समितीचे पुरे नाव आरोग्य पाहणी व विकास समिती. ऑक्टोबर १९४३ मध्ये हिंदुस्थान सरकारने ती नेमली तेव्हा महायुद्ध चालू होते, आणि बंगालमध्ये दुष्काळाने व त्याच्या मागोमाग आलेल्या हिवताप, पटकी, देवी ह्या साथींनी माणसे लक्षावधी संख्येने मरत होती. अध्यक्ष सर जोसेफ भोर हे जन्माने नाशिकचे व पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. सनदी नोकरीत चढत चढत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळापर्यंत पोहोचले होते. ते स्वतः वैद्य नव्हते, कारभारी होते. सभासदांत कलकत्त्याचे डॉ. बिधनचंद्र रॉय, मद्रासचे डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार, स्त्रीरोगचिकित्सेत नाव मिळविलेल्या डॉ. हिल्डा लाझारस, चीनमध्ये सार्वजनिक आरोग्याचे काम करून आलेले डॉ. जॉन ग्रँट, आणि आमच्या महाराष्ट्राचे कामगारपुढारी नारायण मल्हार जोशी अशी निरनिराळ्या पेशांची माणसे होती. १९४६ साली ह्या समितीचा अहवाल चार खंडांत प्रसिद्ध झाला.

अहवालाचा पहिला खंड वाचताना मन विषण्ण होते. हिंदी माणसाचे सरासरी आयुर्मान त्या वेळी सत्तावीस वर्षेही भरत नव्हते. १९३७ साली जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १६२ मुले वर्षाच्या आत दगावली. बाळंतपणात व त्यासंबंधीच्या विकारांनी दरसाल सुमारे दोन लाख स्त्रिया मरत, आणि क्षयाने सुमारे पाच लाख माणसे. इस्पितळातील खाटांचा हिशेब केला तर सुमारे चार हजार लोकांमागे एक खाट पडे. नोंदलेले डॉक्टर अवघे ४७,५०० च्या आसपास होते. म्हणजे सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर. परिचारिकांची स्थिती ह्याहूनही वाईट होती : ४३,००० लोकांमागे एक. ह्या हिशेबात वैद्य व हकीम धरलेले नाहीत, हे खरे. आणि खेड्यातील बहुतेक लोक औषधपाण्यासाठी त्यांच्याकडेच जात, हेही खरे. पण पाश्चात्त्य वैद्यकाची जी मदत सरकार लोकांस देऊ पाहत होते तिची पोच किती तोकडी होती, हे ह्या आकड्यांवरून उघड होते. त्यातही जे थोडे डॉक्टर होते ते शहरांत दाटलेले. लोकसंख्येच्या मानाने पाहता बंगालमध्ये शहरातील डॉक्टरांचे प्रमाण खेड्यांतील प्रमाणाच्या साडेतीनपट होते. सिंधमध्ये ते ४९ पट होते.

आता वादाचा मुद्दा समजण्यासाठी त्या काळच्या डॉक्टरांतील एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. त्या ४७,५०० पैकी विद्यापीठाची पदवी घेतलेले सुमारे १७,६०० होते. बाकीचे जवळजवळ ३०,००० हे 'लायसेन्शिएट', म्हणजे परवानाधारक डॉक्टर. मॅट्रिक झालेल्या मुलाने मेडिकल स्कुलात साधारण चार वर्षे शिकावे, परीक्षा द्यावी आणि धंद्यास लागावे, अशी ती पद्धत होती. एल्. एम्. पी. किंवा, आमच्या मुंबई इलाख्यात, एल्. सी. पी. एस्. अशी अक्षरे असलेल्या पाट्या जुन्या पिढीतील वाचकांनी पाहिल्या असतील. तालुक्याच्या गावी पेठेत दवाखाना थाटलेला, घोड्यावर किंवा पुढे सायकलीवर बसून आसपासच्या वाड्यांना जाणारा, मिश्रणाच्या बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून मात्रा दाखविणारा जो डॉक्टर आमच्या आजोबा-पणजोबांना माहीत होता, तो बहुधा ह्याच वर्गातला असे.

बहुमताचे म्हणणे असे पडले की, हा वर्ग ह्यापुढे वाढवू नये. देशाजवळ शिक्षणाची साधने थोडी आहेत. ती दोन प्रतींचे डॉक्टर तयार करण्यात विभागण्यापेक्षा एकाच, आणि उत्तम शिकलेल्या, प्रकारच्या डॉक्टरावर केंद्रित करावी. ह्या डॉक्टराला समितीने 'बेसिक डॉक्टर' असे नाव दिले. रोग बरा करणे एवढेच त्याचे काम नव्हते. विहिरीचे पाणी, घरातील अंधार, मुलांचे पोषण, वस्तीचे दारिद्र्य ह्यांचा आणि रोगाचा संबंध ओळखणारा तो समाजाचा वैद्य व्हावा, अशी कल्पना होती. त्यासाठी प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे शिक्षण अभ्यासक्रमात घालण्याची शिफारसही केली होती. ह्या मताच्या मुळाशी जी भावना आहे तिचा आदर केल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. खेडेगावच्या माणसाचा जीव शहरी माणसाच्या जिवाहून स्वस्त नाही; मग त्याला कमी शिकलेला डॉक्टर का? पैसे देता येत नाहीत एवढ्याच कारणाने कोणीही योग्य उपचारास मुकता कामा नये, हे ज्या समितीने आपले पहिले तत्त्व म्हणून सांगितले, तिला दुय्यम प्रतीचा डॉक्टर तत्त्वतः मान्य होणे कठीणच होते.

परंतु सर्व सभासदांस हे पटले नाही. काहींनी आपले भिन्न मत अहवालात नोंदविले. त्यांचे म्हणणे, सारांशाने सांगावयाचे तर, असे होते : लोकसंख्या अफाट, डॉक्टर मूठभर, पदवीचा मार्ग लांब आणि खर्चाचा. तो एकच मार्ग उघडा ठेवला तर गरजेपुरते डॉक्टर तयार होण्यास पिढ्या जातील. लायसेन्शिएटाचे शिक्षण सुधारा, पण ते बंद करू नका. रशियात त्या वेळी खेड्यांतून डॉक्टरांच्या जोडीला 'फेल्डशेर' म्हणून कमी मुदतीचे शिक्षण घेतलेले सहायक मोठ्या संख्येने काम करीत होतेच. मरणाऱ्या माणसाला वीस वर्षांनी येणारा उत्तम डॉक्टर काय कामाचा, हा ह्या पक्षाचा खरा प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाला नुसत्या तत्त्वाने उत्तर देता येत नाही.

ह्या वादात एक तिसरा आवाज होता, तो खुद्द लायसेन्शिएटांचा. आश्चर्याची गोष्ट अशी की, आपला वर्ग टिकावा म्हणून ते हट्ट धरून बसले नव्हते. १९३३ साली इंडियन मेडिकल कौन्सिलचा कायदा झाला तो पदवीधरांपुरता. तीस हजारांच्या ह्या वर्गास त्याने दाराबाहेर ठेविले. तेच रोगी, तीच औषधे, तेच कष्ट. पण मान वेगळा आणि पगार वेगळा. म्हणून शाळांची महाविद्यालये करा, आम्हांस पदवीची वाट मोकळी करा, ही त्यांची जुनी मागणी होती. तिच्यामागे स्वाभिमान होता. भोर समितीपूर्वीच हे वारे वाहू लागले होते. मद्रासच्या स्टॅन्ली मेडिकल स्कूलचे कॉलेज १९३८ साली झाले. पुण्याच्या बैरामजी जीजीभाई मेडिकल स्कूलचे कॉलेज झाले ते समितीचा अहवाल निघाला त्याच १९४६ साली. एकेक करून बाकीच्या शाळाही उंचावल्या किंवा मिटल्या. म्हणजे बहुमताची शिफारस, शाळा बंद करण्यापुरती, अंमलात आली. आणि फारशी तोशीस न पडता आली.

आता त्याच शिफारशीचे दुसरे अंग पाहावे. उत्तम डॉक्टर खेड्यात जाईल असे बहुमताने कशाच्या बळावर म्हटले होते? हवेत म्हटले नव्हते. त्यांच्या चाळीस वर्षांच्या योजनेत दहा ते वीस हजार वस्तीसाठी एक प्राथमिक केंद्र, आणि त्या केंद्रास पंचाहत्तर खाटांचे इस्पितळ होते. ह्या पंचाहत्तर खाटांची वाटणीसुद्धा समितीने करून ठेविली होती : सामान्य रोगांस २५, सांसर्गिक रोगांस २०, शस्त्रक्रियेस १०, बाळंतपण व स्त्रीरोगांस १०, हिवतापास ६ आणि क्षयास ४. तेथे एक डॉक्टर एकटा झुरत बसणार नव्हता. सहा डॉक्टर, सहा आरोग्य-परिचारिका आणि इस्पितळातील परिचारिकांचा ताफा त्याच्या सोबतीस होता. त्याच्या वरच्या पायरीवर ६५० खाटांचे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी २,५०० खाटांचे इस्पितळ. अशा ठिकाणी पदवीधर तरुण राहिला असता, कारण तेथे त्याच्या विद्येला काम होते, सल्ल्याला सोबती होते, आणि अडलेला रोगी पुढे पाठविण्यास जागा होती. दुय्यम डॉक्टर नको, हे म्हणण्याचा अधिकार बहुमताने ह्या इस्पितळाच्या आधारावर मिळविला होता. शाळा बंद करणे आणि केंद्र उभारणे ही एकाच व्यवहाराची दोन कलमे होती.

देशाने पहिले कलम पाळले. दुसऱ्याचे काय झाले? १९५२ पासून समाजविकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली, आणि नाव भोर समितीचेच राहिले. पण योजनेच्या पहिल्या टप्प्यासाठी, केवळ तात्पुरती सोय म्हणून, समितीने चाळीस हजार वस्तीस जे केंद्र सुचविले होते त्याच्याही बरोबरीस ही केंद्रे पुष्कळदा आली नाहीत. गटातील साठसत्तर हजार किंवा त्याहून अधिक वस्ती एकेका केंद्राच्या वाट्यास आली. १९५९ साली डॉ. मुदलियार ह्यांच्याच अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने केंद्रांची दुरवस्था पाहून, नवी काढण्याआधी आहेत ती नीट करा असा सल्ला दिला. भोर समितीत बसलेल्या गृहस्थाला पंधरा वर्षांनी हे लिहावे लागले, ह्यातच सारे आले. आज मैदानी प्रदेशात तीस हजार आणि डोंगराळ व आदिवासी भागात वीस हजार वस्तीस एक केंद्र असे प्रमाण आहे. म्हणजे संख्येच्या बाजूने आपण मूळ कल्पनेच्या जवळ आलो आहोत. परंतु केंद्रातील खाटा चार ते सहा. समितीची चाळीस वर्षांची मुदत १९८६ च्या सुमारास संपली. पंचाहत्तर खाटांचे केंद्र कोठेच दिसले नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, फाळणीने पोळलेल्या आणि अन्नाला महाग झालेल्या नव्या राष्ट्राजवळ एवढा पैसा होता कोठे? आक्षेप रास्त आहे. पंचाहत्तर खाटा १९५२ साली शक्य नव्हत्या, हे आम्ही मान्य करतो. पण मग व्यवहाराचे एक कलम अशक्य ठरले तेव्हा दुसऱ्याचा फेरविचार व्हावयास हवा होता. तो झाला नाही. इस्पितळ मिळणार नाही हे ठरल्यावरही खेड्यास पदवीधरच मिळेल असे धरून आपण चाललो, आणि पदवीधराने शहराची वाट धरली. ज्या जागी कामाला हत्यार नाही, सल्ल्याला माणूस नाही, राहावयास धड घर नाही, तेथून तो गेला, ह्याबद्दल केवळ त्यालाच दोष देणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

दुसऱ्या पक्षाचे ऐकले असते तर सर्व सुरळीत झाले असते, असेही आम्ही म्हणत नाही. लायसेन्शिएटही खाजगी धंदा करणारा माणूस होता. जेथे फी मिळे तेथे तो जाई, आणि वर सांगितलेल्या शहरी दाटीत त्याचाही वाटा होताच. कमी शिक्षणामुळे माणूस आपोआप खेड्यात राहतो, हा समज चुकीचा आहे. कोणता डॉक्टर ह्यावर दोन्ही पक्ष तळमळीने बोलले. पण तो कोठे व कशाच्या आधाराने राहील, ह्याची तजवीज बहुमताच्या इस्पितळातच होती, आणि नेमके तेच उभे राहिले नाही.

दाबून टाकलेला प्रश्न निरनिराळ्या नावांनी परत येतो. राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्य उपसमितीने, जिचे अध्यक्ष परळच्या हाफकिन संस्थेचे कर्नल साहिबसिंग सोखी हे होते, हजार वस्तीमागे एक शिकविलेला आरोग्यसेवक असावा असे सुचविले होते. तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. १९७७ साली सरकारने गावोगाव असे सेवक नेमून पाहिले, पण ती योजना तग धरू शकली नाही. २००१ साली छत्तीसगडने तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम काढला. तो थोड्याच तुकड्यांनंतर बंद पडला; पण मागाहून झालेल्या पाहणीत ह्या शिकलेल्यांचे प्राथमिक उपचारातील ज्ञान पदवीधरांच्या तोडीचे आढळले. आसामने २००४ च्या कायद्याने तसाच अभ्यासक्रम सुरू केला. केंद्राच्या कायद्याशी तो विसंगत ठरला म्हणून उच्च न्यायालयाने २०१४ साली तो कायदा रद्द केला, व सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तो निर्णय कायम केला. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्यात मर्यादित परवान्याचे कलम आले तेव्हा डॉक्टरांनी संप केला. त्या वेळी दोन्ही बाजूंनी जे युक्तिवाद झाले ते १९४६ च्या अहवालातून उतरून घेतल्यासारखे वाटतात.

ह्या दरम्यान खेडे रिकामे राहिले नाही. जेथे शिकलेला येत नाही तेथे न शिकलेला येतो. सुई टोचून चार पैसे घेणारे बिनपदवीचे डॉक्टर देशभर पसरले. आणि शेवटी, २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानात, हजार वस्तीमागे एक ह्याच सोखी समितीच्या प्रमाणात, 'आशा' आल्या. रात्री-अपरात्री अडलेल्या बाईबरोबर इस्पितळात जाणारी, घरोघर लहान मुलांची नोंद ठेवणारी ही गावातलीच बाई होय. लायसेन्शिएटाला निदान पाटी आणि परवाना होता; हिला सरकार स्वयंसेविका म्हणते आणि कामाच्या नगांवर मोबदला देते. २०१८ नंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. आमच्या महाराष्ट्रात त्यांत आयुर्वेदाचे पदवीधर पुष्कळ आहेत. म्हणजे दुय्यम डॉक्टर नको म्हणून आपण जे दार १९४६ नंतर लाविले, त्याच्याच शेजारच्या खिडकीतून आपण आज माणसे आत घेत आहोत; फक्त त्यांना डॉक्टर म्हणावयाचे नाही आणि कायमही करावयाचे नाही.

आज देशात नोंदलेल्या ॲलोपॅथिक डॉक्टरांची संख्या तेरा लाखांच्या वर गेली आहे. ४७,५०० चा तो आकडा आता इतिहासजमा झाला; वैद्यकीय महाविद्यालयेही दरसाल वाढत आहेत. आयुर्मान सत्तरीला टेकले, देवी नाहीशी झाली. ह्या यशाचा आम्हांस अभिमान आहे. पण संख्या वाढली म्हणजे वाटणी होते, हा बहुमताचा व भिन्नमतवाद्यांचा दोघांचाही आडाखा अनुभवाने खोटा ठरविला आहे. ह्यापुढे वाद घालावयाचा तर तो केंद्राविषयी घालावा : तेथे किती माणसे एकत्र काम करतील, त्यांना घर, हत्यारे, औषधे आणि वरच्या इस्पितळाचा आधार किती मिळेल, आणि कमी शिकलेल्या सहकाऱ्यास कायमची जागा व वर चढण्याची वाट असेल की नाही. लायसेन्शिएटाचा अपमान त्याच्या अल्प शिक्षणात नव्हता. त्याच्यापुढे वाट नव्हती, त्यात होता. ती चूक आशांच्या बाबतीत पुन्हा करावयाची नसेल तर हे आत्ताच ठरविले पाहिजे.

आणि ह्या वादात आम्ही सुशिक्षित कुटुंबे तिऱ्हाईत नाही. मुलगा किंवा मुलगी डॉक्टर झाली म्हणजे आम्ही पेढे वाटतो; पण पदवीनंतरच्या एका वर्षाच्या बंधपत्रित सेवेतून दंड भरून सुटता येई तेव्हा तो दंड पुष्कळ घरांनी आनंदाने भरला. त्या घरांस निर्दय म्हणण्यास आम्ही धजत नाही. पाठवावयाचे तेथे काय आहे, हे त्यांनी पाहिलेले असते. म्हणून मुलांनी खेड्यात जावे असा उपदेश करण्याआधी, त्यांना तेथे जाता येईल असे केंद्र मागण्याचे काम आपले आहे. भोर समितीने १९४६ साली ते केंद्र खाटांच्या वाटणीसह कागदावर मांडून ठेविले आहे. पंचाहत्तर खाटा आज नकोत, तीस चालतील. सहा डॉक्टर नकोत, तीन चालतील. पण एक डॉक्टर, चार खाटा आणि कुलूप लावलेली औषधांची खोली ह्यांस केंद्र म्हणणे आता सोडून द्यावे.